तोफा मोजणारी तटस्थता

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

अमेरिकेच्या आरंभीच्या परराष्ट्र धोरणावरील आपल्या लेखात अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २२ एप्रिल १७९३ रोजी तटस्थता जाहीर केली आणि देश फ्रान्स-ब्रिटनमधल्या युरोपच्या युद्धापासून दूर राहिला, एवढेच आले आहे. तारीख बरोबर आहे, पण खरी कसोटी त्यानंतर लागली.

मुळात त्या जाहीरनाम्यात ‘तटस्थता’ हा शब्दच नाही. परराष्ट्रमंत्री जेफर्सन यांच्या आग्रहाखातर तो टाळला गेला. फ्रान्सशी १७७८ मध्ये केलेला मैत्रीचा तह अजून लागू होता. शिवाय फ्रान्सचा नवा राजदूत जने याने एप्रिलमध्ये चार्ल्सटनला पाय ठेवताच ब्रिटिश व्यापारी जहाजे पकडण्याचे परवाने वाटायला सुरुवात केली होती. असा परवाना मिळालेल्या एका जहाजावर गेलेल्या गिडियन हेनफिल्ड या अमेरिकी खलाशावर फिलाडेल्फियात खटला भरला, तर ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. ज्या कृत्याला काँग्रेसच्या कुठल्याही कायद्याने गुन्हा म्हटलेले नाही, त्याची शिक्षा कशी द्यायची, हा बचाव पक्षाचा सवाल होता आणि तो बिनतोड होता.

‘लिटल सारा’चे प्रकरण तर तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियातच घडले. फ्रेंचांनी पकडून आणलेल्या या ब्रिटिश जहाजावर मूळच्या ४ तोफा होत्या. तिथल्या बंदरात त्यांच्या १४ झाल्या आणि जुलैमध्ये ते सरकारच्या डोळ्यांदेखत समुद्रात निघून गेले. मंत्रिमंडळ तटस्थतेच्या प्रश्नांवर सर्वोच्च न्यायालयाकडे सल्ला मागायला गेले, तर न्यायमूर्तींनी ८ ऑगस्टला नकार कळवला.

तेव्हा भार आला तो बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यांवर. अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी ४ ऑगस्टच्या परिपत्रकाने त्यांना बंदरातल्या जहाजांवर नजर ठेवायला सांगितले. व्यापारी जहाजाला साजेशी नेहमीची डागडुजी चालेल, निव्वळ लढाईसाठीची सज्जता चालणार नाही. नियम मोडलेला दिसला, तर राज्याचे गव्हर्नर आणि सरकारी वकील यांना लगेच कळवायचे. काम कष्टाचे होते आणि हाती शिक्षेचा कायदा नव्हता.

तो ५ जून १७९४ रोजी झाला. युद्धासाठी जहाज सज्ज करणाऱ्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड, ३ वर्षांपर्यंत कैद आणि जहाज जप्त; जप्तीतला अर्धा वाटा खबर देणाऱ्याला. परकीय युद्धनौकेवरच्या तोफांची संख्या किंवा आकार वाढवणे हाही वेगळा गुन्हा ठरला. लेखमालेच्या पुढील भागात जाहीरनाम्याशेजारी या कायद्यालाही जागा मिळावी, ही विनंती.

– इतिहासाचा एक अभ्यासक