मंत्रिमहोदय, ट्रॉली बॅगेची किंमत कुणाच्या खात्यावर लिहायची?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रक्तदान शिबिरात वाटल्या जाणाऱ्या वस्तूंबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्या गणेश मंडळाचं रक्तदान शिबिर गेली तेवीस वर्षं मी बघतो. बघतो म्हणजे खुर्च्या, पंखे, केळी, बिस्किटं, रक्तपेढीच्या लोकांचं जेवण आणि सुई बघून घाम फुटलेल्या पोरांच्या पाठीवर हात, हे सगळं. एरवी शंभरावर पिशव्या होतात. गेल्या भाद्रपदात एकोणीस झाल्या.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच रविवारी शेजारच्या गावात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर होतं आणि तिथं रक्त देणाऱ्याला चाकाची ट्रॉली बॅग होती. दुपारी चारच्या सुमाराला आमच्याच गल्लीतली पोरं त्या बॅगा खडखड ओढत आमच्या मांडवासमोरून गेली. राग यायच्या आधी मला हसूच आलं. अख्खी गल्ली एसटी पकडायला निघाल्यासारखी दिसत होती.

त्यातला एक पोरगा संध्याकाळी आरतीला आला. मी सहज विचारलं, "तुला तर पावसाळ्यात कावीळ झालती ना रे?" तर म्हणाला, "झालती की तात्या. पण फॉर्मवर तसं लिवलं असतं तर बॅग मिळाली असती व्हय?"

हे पत्र त्या एका वाक्यापायी लिहितोय.

दुसऱ्या दिवशी मी त्या रक्तपेढीला फोन केला. पोराचं नाव सांगितलं, ती पिशवी बाजूला काढा म्हणालो. पलीकडून उत्तर आलं, "तपासणीत येईलच की ते." पुढं त्या पिशवीचं काय झालं, मला कुणी कळवलं नाही.

तपासणीत येईलच, असं नसतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीच्या पाच तपासण्या होतात : एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. पाण्यातून होणारी कावीळ त्यात बसतच नाही. आणि ज्या रोगांची तपासणी होते, त्यांचंही लागण झाल्यापासून काही दिवस काहीच दिसत नाही. रक्त चांगलं असल्याचा कागद मिळतो आणि रोग आत बसलेला असतो. नॅट तपासणीनं (ही रक्तात विषाणूच थेट शोधते) हे दिवस कमी होतात, संपत नाहीत. म्हणूनच सुई टोचायच्या आधी तो लांबलचक फॉर्म असतो. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलंय का, औषध कुठलं चालू आहे. तेवीस वर्षांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीय. तो फॉर्म ही तपासणीच आहे, आणि खोटं बोलायचं काही कारण नसलेल्या माणसावरच ती चालते. ट्रॉली बॅग ते कारण पुरवते.

आता भावाचं बोलतो, कारण भाव हा आमचा विषय आहे. आमच्या तासगावात बेदाण्याचे सौदे निघतात, सांगलीत हळदीचे. माल हातात घेऊन, रंग बघून, दाणा बघून भाव पुकारला जातो. माल कसा आहे हे विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि दोष असला तर तो ढिगाच्या तळाला जातो. मी स्वतः तसं केलेलं आहे, उगीच साधू कशाला बनू! बेदाण्यात ते फार तर शे-दोनशे रुपयांचं नुकसान. रक्ताच्या ढिगाचा तळ बाळंतिणीच्या शिरेत जातो.

हा धंदा एकेकाळी उघड होता. मी कॉलेजात असताना मिरजेत एका नातेवाइकाच्या ऑपरेशनला गेलो होतो. दवाखान्याबाहेर झाडाखाली बसणारे दोघंतिघं होते, चेहरे पांढरेफटक. कुठला गट पाहिजे, एवढंच विचारायचे. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ४ जानेवारी १९९६ ला निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणाऱ्यांकडून रक्त घेणं देशात बंद झालं. झाडाखालचे गेले. मांडवातले आले, आणि यांच्या मागे फ्लेक्स आहे.

मग सरळ पैसेच द्या ना, असं आमच्या कट्ट्यावरचा एक शिकलेला गडी म्हणतो. अमेरिकेत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, देणाऱ्याला पैसे देतात, त्यावर औषधं बनतात, जगाला पुरवतात. तुम्हालाच सोवळं कशाचं? प्रश्न चुकीचा नाही. पण चीनच्या हेनान प्रांतात १९९० च्या दशकात हेच झालं. गरीब शेतकऱ्यांनी प्लाझ्मा विकला. अनेकांचं रक्त एकत्र करून प्लाझ्मा काढून घेतला आणि उरलेल्या लाल पेशी पुन्हा त्यांच्याच अंगात सोडल्या. गावंच्या गावं एचआयव्हीनं धरली. तिथली माणसं आमच्यासारखीच होती, कर्जवाली. आमच्याकडं थंडीत मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. अंगावर उचल घेऊन आलेल्या माणसाला रक्ताचा भाव सांगितला, तर तो नव्वद दिवस थांबेल? पुरुषानं तीन महिने आणि बाईनं चार महिने थांबायचं असतं. हिमोग्लोबिन साडेबारा लागतं. कोयत्याखालच्या किती बायांचं ते भरेल, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि एकदा भाव पुकारला की दुर्मीळ गटाचं काय? बॉम्बे रक्तगट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा, आणि त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. सौद्याच्या हिशेबानं त्याचा भाव काय निघावा? आज असा दाता फोन आला की स्वतःच्या खर्चानं गाडीत बसतो. त्याच्या हातात पावतीपुस्तक द्यायचं का, एवढाच माझा त्या शिकलेल्या गड्याला प्रश्न आहे. त्याचं उत्तर अजून यायचंय.

रक्तपेढी पैसे घेते त्याला माझी हरकत नाही, हे इथं सांगून टाकतो, कारण लोक दोन्हीची गल्लत करतात. लाल पेशींच्या पिशवीला सरकारी रक्तपेढीत ११०० आणि खासगीत १५५० रुपये, हे दर २०२२ मध्ये राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं ठरवले. ती रक्ताची किंमत नाही. पिशवी, तपासण्या, फ्रीज आणि माणसं यांचा खर्च आहे. त्यावर घेतलेला रुपया गैर. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध महानियंत्रकांनीही रक्त विक्रीसाठी नाही, असं राज्यांना लिहून कळवलं.

माझी हरकत दुसऱ्या टोकाला आहे. आत येताना रक्त 'दान' असतं आणि बाहेर पडताना 'प्रक्रिया शुल्क'. मधल्या जागेत बॅग कुणाच्या पैशातून येते? थोडी पुढाऱ्याच्या, आणि मला जे ऐकायला मिळतं त्याप्रमाणे थोडी रक्तपेढीच्याही. आमच्याकडेही दोन वर्षांपूर्वी एका रक्तपेढीचा माणूस येऊन गेला. पिशवीमागे मंडळाला इतके देतो म्हणाला, वर्गणी समजा. मी नाही म्हणालो. आमचे खजिनदार आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, कारण मंडपवाल्याचं बिल थकलं होतं.

प्लाझ्माचाही हिशेब आहे. ३५० मिलीच्या पिशवीतून साधारण दीडशे ते दोनशे मिली प्लाझ्मा निघतो. रुग्णांना लागून उरलेला प्लाझ्मा कारखान्यात जातो आणि त्यातून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, हिमोफिलियाच्या (रक्त लवकर न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांचं फॅक्टर आठ अशी औषधं बनतात. चांगलं काम आहे. राष्ट्रीय परिषदेनं त्याला लिटरमागे १६०० रुपये विनिमय दर, म्हणजे रक्तपेढीला मिळायचा मोबदला, ठरवून दिला. पण माझ्या मांडवात हात पुढं करणाऱ्या एकाही माणसाला हे ठाऊक नव्हतं. रक्तपेढीच्या भिंतीवर गेल्या वर्षी किती लिटर गेला आणि त्या पैशाचं काय केलं, हे लिहायला काय हरकत आहे? सोसायटीच्या वार्षिक सभेत आम्ही खताच्या पोत्याचा हिशेब मागतो.

आता मागणं. रक्तपेढीला परवाना देतं अन्न व औषध प्रशासन, कारण कायद्यात रक्त हे औषध आहे. राज्य रक्त संक्रमण परिषद आपल्या खात्याकडे. बॅगेची तक्रार कुठं करायची म्हणून मी दोन्हीकडं विचारलं, तेव्हा प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. एक पत्ता ठरवून द्या. चहा, नाश्ता, बिल्ला, येण्याजाण्याचं भाडं चालेल, त्यापुढं काही नाही, असं मोघम न लिहिता बॅग, हेल्मेट, मिक्सर, कूपन अशी नावं घेऊन आदेश काढा. आणि दंड मंडळाला नको, ज्या रक्तपेढीनं त्या मांडवात पिशव्या भरल्या तिच्या परवान्याला लावा. रक्तपेढीनं पाय मागं घेतला की कुणाचाही वाढदिवस बॅगांवर साजरा होणार नाही. मंडळं ऐकत नाहीत, रक्तपेढ्या ऐकतात. परवाना त्यांचा असतो.

याचा त्रास होईल, हे खोटं बोलत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि मिरजेच्या दवाखान्यांत अथणी-चिकोडीपासून रुग्ण येत राहतात. बॅगा बंद केल्या तर पहिली दोन वर्षं पिशव्या कमी पडतील. ती दोन वर्षं मोठ्या शिबिरांऐवजी लहान शिबिरं, तीन महिन्यांनी परत, अशी आखावी लागतील. एका दिवसात पाचशे पिशव्या गोळा करून पस्तीस दिवसांनी त्यातल्या काही फेकायच्या, यापेक्षा ते परवडेल. लाल पेशी महिना-दीड महिन्यापुढं टिकत नाहीत, हे फोटो काढणाऱ्यांना कोण सांगणार?

तो पोरगा परवा बागेत छाटणीला आला होता. कागद घेऊन ये म्हणालो, डॉक्टरांना दाखवले. पाण्यातून झालेली कावीळ होती, वर्षभर थांबायला सांगितलं. जुलैत वर्ष होतं. पुढच्या भाद्रपदाच्या यादीत त्याचं नाव घातलंय. बॅग मात्र त्याच्या आईनं भावाकडे मुंबईला पाठवून दिली.

आपला विश्वासू,
एक शिबिर संयोजक,
ता. तासगाव, जि. सांगली

प्रत : मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री. बोट दुसरीकडं दाखवायला जागा राहू नये म्हणून.