काकाजी, आपल्या बोटीचा हिवाळा तुम्ही सांभाळला

आदरणीय काकाजींना सप्रेम नमस्कार.

या पावसाळ्यात चुलबंद नदीच्या पुराने रस्ता बुडाला, तेव्हा टोलीवरची, म्हणजे पलीकडच्या वस्तीवरची, म्हातारी माणसं आणि लेकरं बोटीने अलीकडे आली. त्यांत माझी आईही होती. बोट चालवणाऱ्या पोरांचा गावाने सत्कार केला, तो व्हायलाच हवा होता. पण बोट पाण्यात उतरण्याजोगी राहिली ती तुमच्यामुळे. धान चुरण्याच्या गडबडीत गावात कोणाच्या मनात पूर नव्हता, त्या दिवसांत तुम्ही तिच्यापाशी खपत होता. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, तो भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत कोणीच विसरलेलं नाही. त्यानंतर गावाला फायबरची बोट आणि इंजिन मिळालं, पण ते ठेवायचं कसं हे सांगायला कोणी आलं नाही. पावसाळा सरला की बोट उघड्यावर पडून राहायची. आत पाणी साचायचं, वरून ऊन तापायचं, आणि शेजारी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग.

थंड मुलखात इंजिनात राहिलेलं पाणी हिवाळ्यात गोठतं आणि इंजिनाला तडा जातो. आपल्याकडे ती भीती नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला, तरी गोठण्याच्या खाली गेला नाही. आपले वैरी तीन: ओल, ऊन आणि उंदीर. तुम्ही आल्या आल्या आधी ते तणस हलवायला लावलं, कारण तणसातले उंदीर पेट्रोलची नळी आणि वायरी कुरतडतात. मग शेवाळ घासून काढून बोट पालथी घातली आणि लाकडी ओंडक्यांवर अशी बसवली की भार एकाच ठिकाणी येऊ नये. ताडपत्रीही घट्ट आवळू दिली नाही. खालून वारा खेळला नाही तर आतली ओल आतच कोंडते, हे तुमचं म्हणणं आता पोरांना पाठ झालं आहे.

गिअर ऑइल बदललं तो दिवस मला चांगला आठवतो. खालचा स्क्रू काढला आणि वरचा सैल केला, तर काळपट तेलाऐवजी दुधाच्या चहासारखं काहीतरी ओघळलं. तुम्ही ते बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणालात, सील गेलं, पाणी शिरलं आहे. ते तसंच राहिलं असतं तर गिअर आणि बेअरिंग गंजून गेले असते, आणि ते कळलं असतं ऐन पुरात. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये चालवून धुणं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल जाळून संपवणं, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडणं, हे सगळं तुम्ही पोरांकडूनच करून घेतलं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. टाकी रिकामी करायला का सांगता, हे तेव्हा उमगलं.

तळाची चीर बुजवायला तुम्ही रोज दुपारचीच वेळ धरली. सकाळच्या गारठ्यात रेझिन, म्हणजे फायबर जोडायचा चिकट द्रव, लवकर धरत नाही, आणि घाईने ते घट्ट करणारा हार्डनर वाढवला तर ते तडकतं. आधी जागा घासायची, पूर्ण सुकू द्यायची, मगच काचतंतूंची चटई लावायची. ‘सुकली असेल’ हे उत्तर तुम्हाला कधीच चाललं नाही. तुमचा हात लावूनच ठरायचं.

लाइफ जॅकेटांचं काम तसं लहान. धुऊन, सावलीत वाळवून, दोरीवर उंच टांगली, एवढंच. पण माझ्या आईच्या अंगावर होतं ते त्यांतलंच एक, काकाजी. तुमचे उपकार मी कसे मानू?

धरणावर मासेमारीच्या बोटींवर मिळवलेलं हे ज्ञान तुम्ही एक रुपया न घेता गावाला दिलं. डिझेलपंपाची कामं खोळंबली, त्याबद्दलही कधी बोलला नाहीत.

यंदा दिवाळी झाली की बोट वर काढायचं ठरलं आहे. गिअर ऑइल आणि नवं सील आणून ठेवलं आहे. इंजिनातल्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा कडक झाल्यासारखा वाटतो, तो एकदा तुमच्या नजरेखालून जायला हवा. उचलाउचल पोरं करतील, तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा आणि सांगा.

काकीजींना नमस्कार.

आपला,
टोलीवरचा एक मुलगा