संगणक केंद्रातल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

परवा घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून पळाले, ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र.

चार दिवस माझा लॅपटॉप एज्युरोमला, म्हणजे अनेक विद्यापीठांत चालणाऱ्या आपल्या कॉलेजच्या वायफायला, जोडायचं नाव घेत नव्हता. फोन त्याच पासवर्डवर बिनबोभाट चालत होता, तरी मी तो लॅपटॉपवर वीसेक वेळा टाकून पाहिला. नेटवर्क ‘फरगेट’ करून झालं, ड्रायव्हर नवा घालून झाला. शेवटी मैत्रीण म्हणाली, सर्टिफिकेटची, म्हणजे नेटवर्कच्या ओळखपत्राची, तपासणीच बंद करून टाक.

तुम्ही मात्र लॅपटॉप सुरू होताच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिलंत. तारीख: १ जानेवारी २०१५. चार दिवस ती माझ्या नाकासमोर होती!

मग ‘एवढंही कळत नाही?’ असा चेहरा न करता समजावलंत. घरच्या वायफायला पासवर्ड पुरतो. इथे लॅपटॉप आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट बघतो, ते पटलं तरच पासवर्डाची बोलणी पुढे सरकतात. त्याच्या लेखी साल २०१५ आणि सर्टिफिकेट गेल्या वर्षीचं, म्हणजे अजून जन्मालाच न आलेलं. बिचारा नाही म्हणत होता ते रास्तच होतं. आणि घड्याळ नेटवरून जुळवावं, तर नेटच नाही.

तपासणी बंद करायला तुम्ही साफ नकार दिलात. त्याच नावाचं खोटं नेटवर्क शेजारी कुणी उभं केलं तर लॅपटॉप डोळे मिटून त्याच्याशी व्यवहार करील, म्हणालात. मला तेव्हा घाई होती, थोडा रागही आला. आता नाही.

या म्हाताऱ्याची बॅटरी केव्हाच गेलीय. घरी तो कायम चार्जरला असायचा, म्हणून घड्याळ चाललं. एसटीत रात्रभर वीज नाही, घड्याळ चालू ठेवणारा आतला सेलही संपलेला. तुम्ही स्क्रू चहाच्या बशीत काढून ठेवलेत, नाण्याएवढा सीआर २०३२ बसवलात आणि पैसे सेलचेच घेतलेत. शिवाय युजरनेममध्ये ‘ॲट’च्या पुढचं कॉलेजचं नावही लिहायला लावलंत, दुसऱ्या विद्यापीठात गेलं की त्यावरूनच विचारणा आपल्या कॉलेजकडे येते, हे मला ठाऊकच नव्हतं.

काल खालच्या मजल्यावरची एकजण तिचा लॅपटॉप घेऊन आली. मी ऐटीत आधी उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख बरोबर होती. तिला तुमच्याकडे पाठवलंय.

तुमची,
हॉस्टेलातली २०१५वाली