लस फक्त मुलींची नाही

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या, लसीचं विचारलं तर हसलास. "आई, ती मुलींची असते गं!" बाबा शेजारीच पेपर वाचत होते, म्हणून गप्प बसले. लिहिताना संकोच कमी वाटतो.

थोरली आजी तुला आठवत नसणार. 2000 च्या सुमारास आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावोगाव तिशी ते साठीतल्या बायकांची या कॅन्सरसाठी गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी चालली होती. सव्वा लाखाच्या वर बायकांचा तो अभ्यास. तुझी आजी पदर सावरत जाऊन आली. थोरली म्हणाली, "मला काय धाड भरलीय? नवऱ्याशिवाय कुणाला ओळखत नाही मी." काही वर्षांनी अंगावरून जायला लागलं. बार्शीला नेलं तोवर कॅन्सर पसरला होता. भेटायला आलेल्या बायका तिला ऐकू जाईल इतक्या जवळ बसून कुजबुजायच्या. तिच्या नवऱ्याला, तात्यांना, कुणी काही विचारलं नाही.

विचारून तरी काय कळलं असतं म्हणा! पुरुषात हा विषाणू बहुतेकदा दिसतच नाही, आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कुणाकडून आला, कधी आला, सांगता येत नाही. संबंध आलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होतो आणि साधारण दोन वर्षांत आपसूक जातो. ठाण मांडून बसला तर घात. 16 आणि 18 हे त्याचे दोन प्रकार या कॅन्सरच्या सुमारे 70 टक्के केसेसमागे असतात. 6 आणि 11 मुळे गुप्तांगावर चामखिळी येतात. पुरुषांनाही घशाचा, लिंगाचा कॅन्सर यातून होतो.

निरोध वापरायचाच. पण हा कातडीला कातडी लागून पसरतो, त्यामुळे निरोधानं धोका कमी होतो, संपत नाही. लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून जितकी लवकर तितकी बरी. (तुझं काय चाललंय ते मी विचारत नाहीये. सांगूही नकोस.)

तुझ्या पुण्यातल्याच सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही लस या चारही प्रकारांवर चालते, मुलांनाही देतात. पंधराच्या आत दोन डोसांत भागलं असतं, तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. आता तीन: पहिला, मग दोन महिन्यांनी, मग सहाव्या महिन्यात. पैसे टाकते.

पहिला घेतलास की कार्डाचा फोटो मला पाठव. फॅमिली ग्रुपवर नको.

तुझी आई