आधी करडे चित्र

कोल्हापूर

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू रंकाळ्याची संध्याकाळ रंगवत असताना मी बराच वेळ तुझ्या मागे उभा होतो. टॅब्लेटवर चाळीसएक लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, झाले, आकाशाचा रंग तू सात-आठ वेळा बदललास आणि शेवटी कंटाळून चित्र तसेच सोडून दिलेस. रंगाची तुझी नजर चांगली आहे. क्रम तेवढा चुकतो आहे.

मी तीस वर्षे पाट्या रंगवल्या. ऑइलपेंटला ‘अनडू’ नसतो, म्हणून खडूने चौकटी आखून, अक्षरांच्या जागा ठरवून मगच ब्रश बुडवायचा, हे पोटासाठी अंगवळणी पडले. सावळाराम हळदणकरांचे ज्योतीवर हात धरलेल्या स्त्रीचे चित्र जलरंगातले आहे. जलरंगात उजेडासाठी कागद आधीच राखावा लागतो. म्हणजे बोटांमधून तो प्रकाश कुठवर झिरपणार, हे त्यांनी रंग कालवण्यापूर्वीच ठरवले असणार. तुला मात्र प्रत्येक निर्णय पुढे ढकलता येतो, आणि तू तो ढकलतेस.

तेव्हा प्रथम काड्यापेटीएवढी चार-पाच कच्ची रेखाटने कर आणि त्यांतले एक निवडून काळा, करडा, पांढरा एवढ्या तीनच छटांत, एकाच लेअरवर पुरे कर. त्या करड्या चित्रावरच पारदर्शक रंग चढवण्याची सोय असते खरी, पण तसे रंग मला मळकट वाटतात, कारण सावलीचा रंग नुसता गडद नसतो, निराळाच असतो. म्हणून करडे चित्र शेजारी ठेवून रंग नव्याने निवड. मधूनमधून सर्वांत वर काळ्या रंगाचा लेअर ‘कलर’ मोडवर (खालची उजेड-सावली तशीच ठेवून फक्त रंग बदलणाऱ्या) ठेवलास, की रंग तात्पुरते नाहीसे होऊन छटा कुठे बिघडल्या ते दिसेल. चित्र डावे-उजवे उलटवूनही पाहत जा. आम्ही त्यासाठी आरसा धरत असू. ब्रश तीन पुरेत. (डाउनलोड केलेल्या दोनशेंपैकी तू किती वापरतेस, ते मी पाहिले आहे.)

अर्थात हा माझा क्रम झाला. प्रत्येक चित्रानंतर कुठे अडलीस, ते तारीख घालून वहीत लिहीत जा. कदाचित तुला रंगाचे ठिपके टाकतानाच चित्र सुचत असेल. तसे असेल, तर ते ठिपके रेखाटनाच्या आधी येऊ देत.

रंकाळ्याचे करडे चित्र मात्र रंग देण्यापूर्वी मला पाठव. तळ्यातला संध्यामठ पाण्यापासून वेगळा दिसतो का, ते पाहायचे आहे.

तुझे,
बाबा