संध्याकाळच्या वीस मिनिटांसाठी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दोघं दमून घरी येता, मोठीला नेमकी तेव्हाच भूक लागलेली असते, धाकटा कडेवरून उतरत नाही, मग बाहेरून मागवता आणि महिन्याचा हिशोब कोलमडतो. झटपट होईल आणि परवडेल असं काय करावं, हे तू विचारलंस. पदार्थांची यादी पाठवून तुझं काम होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जे स्वस्त असतं त्याला वेळ लागतो, आणि जे झटपट होतं ते महाग पडतं. सुकी कडधान्यं, कांदे, बटाटे, अख्ख्या भाज्या यांना वेळ द्यावा लागतो. पण तो वेळ नीट मोजलास तर बराचसा तुझा नसतोच, पातेल्याचा असतो. चणे दहा तास भिजतात तेव्हा तू झोपलेला असतोस. ही लांबणारी कामं संध्याकाळच्या वेळेतून बाहेर काढायची, बाकी सगळं त्यातून सुटतं.

सुरुवात चण्यांपासून कर. ५०० ग्रॅम काबुली चणे रात्री २ लिटर पाण्यात भिजत घाल आणि पाण्यात चार लहान चमचे मीठ टाक. मिठाने कडधान्य शिजत नाही असं सगळे सांगतात, पण भिजवताना ते उलट उपयोगी पडतं. सालीतल्या कॅल्शियमची जागा मिठातलं सोडियम घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी फेकून दे, चणे धुऊन नव्या पाण्यात घे. पाणी चण्यांच्या वर दोन बोटं असावं. कुकर निम्म्याच्या वर भरू नकोस, कारण फेस वर येऊन शिट्टीचं भोक बुजतं. चमचाभर तेल टाकलं की फेस कमी येतो. वाफ धरली की आच बारीक करून १५ मिनिटं ठेव आणि वाफ आपोआप जिरू दे. शिट्टी उचलून वाफ घाईने काढलीस तर साली फाटतात. दाणा दोन बोटांत दाबून पाहा. लोण्यासारखा चेपला पाहिजे, मध्ये गोटा लागता कामा नये.

यातून सव्वा किलोच्या आसपास शिजलेले चणे होतील. त्यांचे चार भाग कर आणि प्रत्येकात थोडं शिजवलेलं पाणी घाल, नाहीतर कोरडे पडतात. एक भाग फ्रीजमध्ये, तीन फ्रीझरमध्ये. डबाबंद चण्यांशी तुलना करायची असेल तर डब्यावरचं पाणी निथळल्यावरचं वजन बघ, एकूण वजन नव्हे. ४०० ग्रॅमच्या डब्यात खाण्यासारखे साधारण २४० ग्रॅमच निघतात.

चणे शिजलेच नाहीत तर कारण बहुतेक तिघांपैकी एक असतं. फार जुना माल, जड म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी, किंवा शिजायच्या आधीच घातलेला टोमॅटो अथवा लिंबू. आंबटपणात साल घट्ट राहते, म्हणून आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावरच घाल. पाणी जड असेल तर भिजवताना पाव चमचा खायचा सोडा पुरतो. त्याहून जास्त घातलास तर दाणे गरगट होतात, साबणासारखी चव लागते आणि ब१ जीवनसत्त्वही जातं.

राजम्याचं मात्र वेगळं आहे, आणि घरात लहान मुलं असताना हे विसरू नकोस. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. अर्धकच्चे थोडेसे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. तो नाहीसा व्हायला भिजवलेलं पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळी हवी. कुकरमध्ये पूर्ण शिजवलास तर प्रश्नच नाही. हळू शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा कधीही टाकू नकोस. तिथे तापमान उकळीपर्यंत जाईलच असं नाही, आणि तेवढ्या उष्णतेत हा घटक वाढूही शकतो.

भिजत घालायला विसरलास तर चणे २ मिनिटं उकळून तासभर झाकून ठेव. तेवढाही वेळ नसेल तर मसूर डाळ काढ. २०० ग्रॅम डाळ ७०० मिलिलिटर पाण्यात, उघड्या पातेल्यात, वीस मिनिटांच्या आत शिजते. घाईच्या दिवशी तिच्यासारखा आधार नाही.

दुसरं लांबणारं काम म्हणजे कांदा परतणं. रोज दोन कांदे चिरून परतण्यापेक्षा आठवड्याचा मसाला एकदाच कर. १ किलो कांदा, ७५० ग्रॅम टोमॅटो, ४० ग्रॅम लसूण, १०० मिलिलिटर तेल. पसरट कढई घे, उभट पातेल्यात कांदा परतला न जाता वाफेवर शिजतो. तेल तापलं की कांदा आणि चमचाभर मीठ घालून १० मिनिटं झाकण ठेव, म्हणजे पाणी सुटून कांदा बसेल. मग झाकण काढून मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं परत. बुडाला लागायला लागलं की दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घे, तो खरपूसपणा मसाल्यात उतरतो.

तीन चुका इथे हमखास होतात. मोठ्या आचेवर कांद्याच्या कडा करपतात आणि आत कच्चट राहतो. लसूण आधी घातला तर कडू होतो, तो कांदा तपकिरी झाल्यावरच घालावा आणि मिनिटभर परतावा. आणि टोमॅटो लवकर घातला तर कांद्याला रंग येतच नाही. कढईत पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंगाला त्याहून जास्त लागते. टोमॅटो घातल्यावर तेल सुटेपर्यंत, म्हणजे आणखी १५ मिनिटं, शिजव. गार करून आठ भाग कर. पिशवीत भरून चपटे थापून गोठव, गोळा करून ठेवलास तर सुटायला अर्धा तास जाईल.

आता संध्याकाळ. भात आधी चढव. एक वाटी तांदळाला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, उकळी आली की बारीक आचेवर झाकून १२ मिनिटं, मग आच बंद करून १० मिनिटं झाकण न उघडता. तेवढ्यात मसाल्याचा एक भाग गरम कर, आवडीचं तिखट घाल, चणे पाण्यासकट ओत आणि ८ मिनिटं उकळ. मूठभर चणे डावाने ठेचलेस की रस दाट होतो. दुसऱ्या दिवशी त्याच मसाल्यात थोडं पाणी घालून चार अंडी फोड, झाकण ठेवून बलक घट्ट होईपर्यंत शिजव. तिसऱ्या दिवशी बटाटा आणि मटार. बटाट्याच्या फोडी दीड सेंटिमीटरच्या ठेव, १२ मिनिटांत होतात. फोड निम्मी केली की वेळ निम्म्याहूनही कमी लागतो. गोठवलेले मटार शेवटच्या ३ मिनिटांत घाल, ते पोषणात ताज्यांपेक्षा कमी नसतात.

धाकटा वर्षाचा होईपर्यंत दिवसभरात त्याच्या पोटात १ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं. म्हणून तोवर चणे साध्या पाण्यात भिजव आणि कांदाही बिनमिठाचा परत. वेळ थोडा वाढेल, पण त्याचा वाटा मीठ-तिखट घालायच्या आधी सहज काढता येईल आणि वेगळा स्वयंपाक करावा लागणार नाही. त्याला अख्खा चणा देऊ नकोस, कुस्करूनच दे. डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागायला लिंबाचे चार थेंब वर पिळ. वर्षाच्या आत मध अजिबात नको. अख्खे शेंगदाणे आणि सुकामेवा दोघांनाही पाच वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात.

उरलेल्या भातात बचत आहे तसा धोकाही. तांदळातले काही जिवाणू बीजरूपाने उकळीतूनही वाचतात, आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला की विष तयार करतात. ते पुन्हा गरम करून जात नाही. भात पसरून तासाभरात फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी संपव, आणि एकदाच, चांगला वाफाळेपर्यंत गरम कर. बाकी शिजवलेलं तीन-चार दिवस टिकतं, फ्रीज ५ अंशांच्या खाली असेल तर.

भाज्या आणताना संपवायचा क्रमही ठरव. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग टोमॅटो, गाजर-कोबी शेवटी. कांदे-बटाटे वेगवेगळे, अंधारात. हिरवा पडलेला बटाटा मुलांना घालू नकोस.

पहिल्या आठवड्यात सगळं एकदम करायला जाऊ नकोस. शनिवारी रात्री फक्त चणे भिजत घाल, मसाला पुढच्या सुट्टीला. तुझ्याकडचं पाणी जड आहे का आणि चणे किती मिनिटांत शिजले ते कळव, मग सोडा घालायचा की नाही ते ठरवू. वहिनींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
जुना मित्र