रामरक्षा म्हण, पण आधी खाऊन घे

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आई नुसतं ‘हो हो’ करते आणि बाबा मध्येच टीव्हीचा आवाज कमी करायला उठतात, म्हणून लिहूनच पाठवते आहे. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा. नको वाटेल तो भाग गाळू नका.

आई, सोमवारी दुपारी चार वाजता काय झालं ते मला कळलंय. बाबांवर चिडू नकोस. बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून त्यांनी मला फोन केला आणि ‘अठ्ठावन्न आली गं’ एवढंच म्हणाले. मला आधी कळेचना, अठ्ठावन्न काय. मग एकेक कळत गेलं, तुझी साखर अठ्ठावन्नवर आली होती. तू देव्हाऱ्यासमोर घामाने चिंब होऊन बसलेली, हातातलं बेलाचं पान सुटत नव्हतं आणि बाबांना तू दादाच्या नावाने हाक मारत होतीस. हे सगळं कशासाठी, तर माझ्या स्तनातल्या गाठीसाठी. सोळा सोमवार, तेही निर्जळी, आणि देवळापर्यंत अनवाणी. त्या रात्री मला झोप लागली नाही ती गाठीपायी नाही, तुझ्यापायी.

आता जे लिहिते आहे ते ठरलेलं आहे, विचारत नाहीये. ऑपरेशन गुरुवारी आहे आणि त्या दिवशी तुम्ही दोघांनी यायचं नाही. आई, लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस, पुढे ऐक. गाठ दीड सेंटीमीटरची आहे, काखेतल्या ग्रंथी तपासणीत स्वच्छ दिसल्या आहेत, पूर्ण स्तन काढायचा नाहीये. सगळं नीट झालं तर दुसऱ्या दिवशी घरी सोडतील. तुमचे जावई सुट्टी घेऊन बसणार आहेत, नात मावशीकडे आनंदात आहे. तुम्ही आलात तर मी स्ट्रेचरवरून तुझी साखर विचारत बसेन, ते मला जमायचं नाही. दुसरं म्हणजे, आई, तू समोर असलीस की मला रडू येतं, आणि त्या दिवशी मला रडायचं नाहीये. टाके सुकले की पंधरा दिवसांनी या आणि चांगलं महिनाभर राहा. खालची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे, जिना चढायचा नाही. बाबांना वाचायला खिडकीजवळ दिवा लावून घेतला आहे. देवांसाठी पूर्वेकडच्या भिंतीला फळी ठोकली आहे, तुझ्या उंचीची, हात वर करावा लागणार नाही. कमोडला दांडी बसवली. तुला न बोलावण्याची अपराधी भावना मी अशी भिंतींना ठोकत सुटले आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली नव्हती. लाज वाटत होती म्हणून. एमआरआयच्या वेळी मला पालथं झोपवलं, हातात एक रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाले. मग ते यंत्र सुरू झालं. पत्र्यावर कुणी हातोडा मारावा तसं, थांबून थांबून. पहिल्या दोन मिनिटांत मी तो फुगा दाबणारच होते. आणि तेवढ्यात तोंडातून आपोआप आलं, ‘शिरो मे राघवः पातु’. पंधरा-वीस वर्षांत म्हटली नव्हती गं मी रामरक्षा. पण एकेक अवयव येत गेला: कपाळ, डोळे, कान, नाक. जणू तू मला आंघोळ घालत होतीस. ‘हृदयं जामदग्न्यजित्’ला आले आणि थांबले, कारण यंत्र नेमकं तिथेच बघत होतं. तेवढी ओळ मी किती वेळा म्हटली, मोजलं नाही. गुडघ्यांवर आले तेव्हा हसूच आलं. ‘जानुनी सेतुकृत् पातु’! सायकलवरून पडले की तू गुडघ्याला हळद दाबायचीस आणि सांगायचीस, समुद्रावर पूल बांधणाऱ्याकडे गुडघे दिलेत आपण, मग ओरडतेस कशाला.

बाहेर आल्यावर मात्र ओशाळल्यासारखं झालं. बाबा, तुमचं ते वाक्य कानात वाजलं, ‘गरज पडली की बरा देव आठवतो.’ बरोबरच आहे तुमचं. वर्षानुवर्षं दिवा न लावणारी मी, गाठ निघाली आणि लगेच हाका मारायला लागले. म्हणून घरी येऊन आईने दिलेली गीता काढली, कव्हर सुटलेली. सातव्या अध्यायाचा सोळावा श्लोक. मला भजणारे चार प्रकारचे, असं म्हणून भगवंतांनी यादी दिली आहे आणि त्यात पहिलाच शब्द आहे ‘आर्तो’. संकटात सापडलेला. दोन श्लोक पुढे हे चौघेही उदार म्हटले आहेत. (ज्ञानी सगळ्यांत जवळचा, असंही तिथेच आहे. ती जागा बाबांनी घ्यावी, मला आर्ताची पुरे.) आणि रामरक्षेत पावलं कुणाच्या हवाली केली आहेत? ‘पादौ बिभीषणश्रीदः’, बिभीषणाला वैभव देणाऱ्याच्या. तो बिभीषण तरी कधी आला? लंकेत अपमान झाल्यावरच ना. सुग्रीव म्हणत होता याला मारा, शत्रूचा भाऊ आहे. रामाने त्याला जवळ घेतलं. आजवर कुठे होतास, असं विचारल्याचं मला तरी माहीत नाही.

आई, ज्याच्याकडे असं रिकाम्या हाताने जाता येतं, त्याला तू स्वतःचं रक्त कशाला मोजून देतेस? त्याच गीतेत सतराव्या अध्यायातला पाचवा-सहावा श्लोक काढून बघ. शरीराला छळणाऱ्या तपाबद्दल तिथे जे म्हटलंय ते मी इथे लिहिणार नाही, तुला लागेल. एवढंच सांगते, की त्या छळात आत बसलेल्या मलाही ते छळतात, असं भगवंत म्हणतात. तुझ्या उपासात तोही उपाशी राहतोय.

नवस मोडल्याचं पाप असेल ते माझ्या नावावर लिही. मला माहीत आहे, दादाच्या वेळी काही राहून गेलं असं तुला वाटतं. त्या रात्री मी झोपलेले नव्हते, सगळं ऐकत होते. काहीही राहून गेलं नव्हतं, आई. आणि पुढे वर्षभर बंद असलेलं देव्हाऱ्याचं दार एका संध्याकाळी तूच उघडलंस, काही न मागता, नुसती वात लावून बसलीस. देवाकडे कसं जायचं हे मी त्या दिवशी शिकले. सोळा सोमवारांपेक्षा मला ती वात हवी आहे.

आता नीट ऐका. सोमवार करायचाच असेल तर सकाळ-संध्याकाळ वेळेवर खाऊन, पाणी पिऊन कर. ती ग्लिमेपिराइडची गोळी पोटात काही नसलं तरी साखर खाली ओढत राहते, हे तुला डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं आणि तू मान हलवली होतीस. घाम, थरथर, गोंधळ यातलं काहीही झालं की बाबांनी यंत्र लावायचं. सत्तरच्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, तरी कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. अनवाणी चालणं आजपासून बंद, पावलांना बधिरपणा आहे तुझ्या, खडा रुतला तरी कळणार नाही. बाबा, रोज रात्री साखरेच्या वहीचा फोटो पाठवायचा. मागच्या आठवड्याचे आकडे सगळे एकाच पेनाने, एकाच वेळी लिहिलेले दिसतात. मी काही बोलत नाही.

गुरुवारी साडेआठला मला आत नेतील. भूल देताना मी ‘शिरो मे राघवः’पासून सुरू करणार आहे. लहानपणी गुडघ्यांच्या आतच पेंगायचे आणि पुढचं तू म्हणायचीस, आठवतं? या वेळीही तेवढ्यातच झोप लागेल. तिथून पुढे तू म्हण. बाबा, तुम्ही नुसते शेजारी बसा. आणि आई, त्याआधी नाश्ता झालेला पाहिजे.

तुमची,
चिमी